सात वेढे

कोकिळाबाईंनी रोहण्याहून निघतानाच ठरवलं होतं, आज रागवायचं नाही. सुनेचं माहेर समुद्रपूर येईपर्यंत त्यांनी हे गाडीत दोनदा मोठ्याने बोलूनही दाखवलं, आणि दोन्ही वेळा अण्णाजींनी खिडकीबाहेर पाहत नुसतं 'हं' म्हटलं. चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं 'हं' किती प्रकारचं असतं ते त्यांना पाठ झालं होतं. हे विश्वास न बसल्याचं होतं.

सून काजल आणि नातवाला घरी आणायचा दिवस; गाडी मुलगा पियुष चालवत होता. मागच्या सीटवर जुन्या लुगड्यांची दुपटी होती, डिंकाच्या लाडवांचा डबा होता, आणि कोकिळाबाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली सहाण होती. ती माहेरातून निघताना काजलच्या ओटीत घालायची, असा त्यांचा बेत होता. बेताबद्दल त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. माघार घ्यायची ती निदान गुपचूप तरी घ्यावी, असा त्यांचा स्वभाव.

सहाण अण्णाजींच्या आजीची. तिच्यावर तीन पिढ्यांची घुटी उगाळली गेली होती. हळकुंड, वेखंड, हिरडा, जायफळ, सगळं आईच्या दुधात वेढे मोजून. घासून घासून तिचा मधला भाग इतका गुळगुळीत झाला होता की बोट ठेवलं तर सरकायचं. सातव्या महिन्यात ओटी भरून काजल माहेरी निघाली तेव्हा तिने ती मागितली होती. "आई, सान नेऊ का? तिकडं नाई हाय." आणि कोकिळाबाई सगळ्या बायकांदेखत म्हणाल्या होत्या, "दगड कोठी जात नाई. व्हिडिओले लागते." काजल रडली नाही, रुसलीही नाही. तेव्हापासून तिचा फोन मात्र रविवारचा झाला, दोन मिनिटांचा.

व्हिडिओ हे प्रकरण पियुषचं. लॉकडाऊनमध्ये काही काम नव्हतं म्हणून त्याने आईला घुटी उगाळताना मोबाइलवर टिपलं आणि गंमत म्हणून टाकलं. बघता बघता कोकिळाबाई नातू व्हायच्या पाच वर्षं आधीच चार लाख लोकांच्या कोकिळाआजी झाल्या. घरात सहावारी नेसणाऱ्या बाईला कॅमेऱ्यासमोर नऊवारी आली, नथ आली, आणि मुख्य म्हणजे गोडवा आला. हो बाई, सांग बाई, घाबरू नको बाई. एरवी घरात त्यांच्या तोंडून 'बाई' निघायचं ते 'काय बाई कटकट' एवढ्यापुरतंच.

मागच्या दिवाळीनंतर पियुषने त्यांना नागपूरला एका कंपनीच्या स्टुडिओत नेलं. तीन दिवस त्या दिव्यांसमोर बसल्या. हसा म्हटलं की हसल्या, मान हलवा म्हटलं की हलवली, तीनशे वाक्यं वाचली. शेवटच्या दिवशी त्यांनीच विचारलं, "रागवाचं नाई घ्याचं काय?" तिथली बाई हसून म्हणाली, "नाही आजी, त्याची गरज पडणार नाही."

संक्रांतीपासून दुसऱ्या कोकिळाआजी सुरू झाल्या. कुणीही बाई ॲप उघडायची आणि कोकिळाआजी तिच्याशी समोरासमोर, व्हिडिओवर, थेट बोलायच्या. एकाच वेळी शंभर जणींशी, शंभर वेगवेगळ्या गोष्टी. ही खरी आजी नाही, एआय आहे, हे बायकांना माहीत होतं, तरी बोलायच्या. कोकिळाबाईंनी ते एकदाच पाहिलं. आपलं तोंड आपल्याला न विचारता हलतंय हे पाहताच फोन पियुषच्या हातात देऊन त्या भांडी घासायला उठल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आनंदाबाईंनी, म्हणजे काजलच्या आईने, आज पिठाची गिरणी बंद ठेवली होती. नवरा गेल्यापासून ती गिरणी त्या एकट्या चालवायच्या, आणि गिरणी बंद ठेवणं हा त्यांच्याकडचा मोठ्यातला मोठा पाहुणचार. चहा झाला, बशीत शेव-चिवडा आला. कोकिळाबाईंची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे होती.

"लेकरू झोपलं हाय, ईनबाई," आनंदाबाई समाधानाने म्हणाल्या. "आधी लय रडत होतं. पन आता दोन दिवसांपासून काई त्रास नाई. काल दुपारपासून तं दूध प्याले बी उठवा लागते."

कोकिळाबाईंचा कप तसाच राहिला.

"उठवा लागते म्हंजे?"

"म्हंजे उठतच नाई," आनंदाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचाच आवाज उतरला.

आतल्या खोलीत काजल भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ. सासूला पाहून ती पदर सावरायला गेली. कोकिळाबाईंनी 'कशी हायस' म्हटलं नाही. त्यांनी बाळ उचललं आणि त्यांना कळलं. झोपलेलं मूल उचललं की अंग चोरतं, तोंड वाकडं करतं, निदान मूठ तरी आवळतं. हे तसंच्या तसं हातात आलं, आणि त्याची मान त्यांच्या कोपरावरून मागे पडली. त्यांनी तळपायाला टिचकी मारली. पाय हलला, पण फार उशिराने. ओठ सुकलेले होते. त्यांनी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं.

"जायफळ कोनं देलं याले?"

"घुटीतून देलं," काजल म्हणाली. "झोपत नव्हता."

"किती?"

"सात वेढे. सकाळ-संध्याकाळ. परवापासून."

"कोनं सांगतलं तुले सात?"

काजलने मान वर केली. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण तिच्याखाली दुसरंही काही होतं, आणि ते कोकिळाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"तुमीच सांगतलं, आई."

कोनाड्यात घुटीचं सामान मांडलेलं होतं. कोकिळाबाईंनी एका हाताने बाळाला धरून दुसऱ्या हाताने तिथली सहाण उचलली. नवी होती. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं, कातडी ओढली गेली. शेजारी जायफळ पडलं होतं. सहाण खाली ठेवून त्यांनी ते उचलून पाहिलं. जायफळ अर्धं झिजलं होतं. पियुषच्या जन्माच्या वेळी आणलेलं जायफळ त्यांच्या डब्यात अजून होतं, आणि त्याची जेमतेम एक बाजू चपटी झाली होती.

"पियुष, गाडी काढ," त्या म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, आणि म्हणूनच पियुष धावला.

हिंगणघाटला लेकरांचा दवाखाना, अर्ध्या तासाचा रस्ता. मागे मधोमध काजल बाळाला घेऊन, एकीकडे तिची आई, एकीकडे सासू. कोकिळाबाई दर थोड्या वेळाने बाळाच्या तळपायाला टिचकी मारत होत्या आणि पाय हलेपर्यंत श्वास धरून बसत होत्या. दोन्ही दगड आणि झिजलेलं जायफळ टॉवेलात बांधून त्यांनी पायाशी ठेवलं होतं.

"मी तुले कवा सांगतलं?" त्यांनी विचारलं. "रविवारी आपन बोलतो तवा घुटीचा विषय तरी निघते काय?"

काजलने बाळाचं दुपटं सावरलं. मग पुढे बसलेल्या पियुषनेच आरशात पाहिलं.

"काजल, तू ॲपवर बोलत होती का?"

"रोज," काजल म्हणाली. "रोज दुपारी."

"अवं पन ते आई नोहे. एआय हाय ते. तुले माहीत नव्हतं काय?"

"माहीत होतं. म्हून तं बोलत होती."

काजल बाळाच्या कपाळाकडे पाहत बोलू लागली, कुणाला सांगतेय असं नाही. "ते मले पैले जेवली का म्हून पुसते. टाके दुखते का म्हून पुसते. मी एक गोष्ट दहा वेळा पुसली तरी दहा वेळा सांगते. एकदा मी नुसती रडली, तं काई बोललीच नाई, बसून राह्यली समोर. तेच तोंड, तोच आवाज. मले वाटे, आई अशा असत्या तं."

कोकिळाबाईंनी पुन्हा टिचकी मारली. पाय हलला. आपल्याच तोंडाचा हेवा वाटण्याची ही वेळ नव्हे, हे त्यांना कळत होतं. तरी तो वाटला, आणि भीतीच्या पोटात तो आणखी एक काटा होऊन बसला.

"तुमच्या घरातून सांगतलं, अन् माह्या पोरीनं ऐकलं," आनंदाबाई बाहेर पाहत म्हणाल्या. "लेकराले काई झालं तं मी कोनाकडं जाऊ, ईनबाई? त्या फोनकडं का तुमच्याकडं?"

यावर पुढे बसलेल्या अण्णाजींनी 'हं' सुद्धा केलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बाळाचे डोळे उघडून उजेड पाडला, छाती ऐकली, टाच दाबली, आणि मग भराभर नर्सला सांगत सुटल्या. बाळ आत गेलं. दार अर्धं लागलं.

"काय दिलंय? किती दिलंय? खरं सांगा, मला वेळ नाही."

"जायफळ. सात वेढे, दिवसातून दोनदा, दोन दिवस," काजल म्हणाली.

"सात वेढे म्हणजे किती?"

कोकिळाबाईंनी टेबलावर टॉवेल सोडला आणि दोन्ही दगड शेजारी शेजारी ठेवले, त्यांच्यापुढे झिजलेलं जायफळ.

"ह्या जुन्या दगडावर सात वेढे म्हंजे दुधाले नुसता वास. हा नवा. याच्यावर किती गेलं ते हे पाहा. अर्धं झिजलं."

डॉक्टरीणबाईंनी नव्या दगडावरून अंगठा फिरवला. "एवढा खरखरीत?"

"टाकी लावली त्याले," मागून आनंदाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. "मीच लावली. बाजारातून आनला तं गुळगुळीत होता. गिरणीचा दगड गुळगुळीत झाला का पीठ नाई पडत, आमी टाकी लावतो, छिन्नीनं टोचून खरखरीत करतो. मले वाटलं, दगड धारदार पाह्यजे. चांगला पाह्यजे म्हून लावली, बाई."

"आणि वेढे कुणी सांगितले?"

पियुषने बायकोकडे पाहिलं. बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि तो काय म्हणणार हे कोकिळाबाईंना मुलाच्या जन्मापासून माहीत होतं. ॲपवर खाली लिहिलेलं असतं, डॉक्टरांचा सल्ला घ्या. हिने वाचलं नाही. हे एक वाक्य की घर दोषातून सुटलं असतं, चॅनल सुटलं असतं, आणि काजल एकटी अडकली असती. एक क्षणभर, खोटं कशाला बोला, कोकिळाबाईंनाही ते वाक्य हवंसं वाटलं.

"मी सांगतलं," त्या म्हणाल्या. "माह्या तोंडानं सांगतलं."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओळख पटली असावी, पण त्यांनी ती दाखवली नाही. "एवढ्याशा बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं. ना जुन्या दगडावरचं, ना नव्या. श्वास सध्या चालू आहे. पण तो स्वतः उठून दूध ओढेपर्यंत मी तुम्हाला काही सांगणार नाही." आणि दार पूर्ण लागलं.

बाहेर निळ्या खुर्च्यांची रांग होती. आतून एकदा मूल रडलं. पाचही जण उठले, तर नर्स म्हणाली, हे दुसऱ्या बाईंचं. थोड्या वेळाने पुन्हा रडलं. तेही दुसऱ्याचंच. आपलं लेकरू रडत नाही याची एवढी भीती वाटेल, असं कोकिळाबाईंना कुणी कधी सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं.

"तुहा फोन दे," त्या काजलला म्हणाल्या. "मले बोलाचं हाय तिच्यासंग."

काजलने ॲप उघडून दिलं. पडद्यावर कोकिळाआजी आल्या. हिरवी नऊवारी, नथ, मागे चुलीची भिंत. कोकिळाबाईंच्या घरात चूल नव्हती, ती भिंत कंपनीने कॉम्प्युटरवर तयार केली होती.

"ये बाई," कोकिळाआजी म्हणाल्या. "आज सकाळीच आठवन आली? जेवली का तू?"

बोलताना त्या मान किंचित डावीकडे कलती करायच्या. ही लकब आपली आहे हे कोकिळाबाईंना आजच कळलं.

"मी कोकिळा," त्या म्हणाल्या. "रोहण्याची."

"अरे वा. माह्यं नाव बी कोकिळाच. सांग बाई, लेकरू कसं हाय?"

"झोपत नाई. सव्वादोन महिन्यांचं हाय."

"घाबरू नको. घुटीत जायफळाचे सात वेढे दे. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या सातच देतो. शांत झोपते."

"दगड नवा असन तं?"

"काई हरकत नाई, बाई. दगड कोनताई असो, प्रेमानं उगाळ."

कोकिळाबाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला. दगड कोणताही चालेल, हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. पण कुणी ऐकलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की कोकिळाआजीच बोलल्या. खऱ्या कोकिळाबाईंना एखाद्या पोरीने हे विचारलं असतं तर त्यांनी आधी खेकसून विचारलं असतं, कोनता दगड, दाखव. मग ती पोरगी रडली असती, घरी जाऊन सासूच्या नावाने बोटं मोडली असती. आणि लेकरू जागं राहिलं असतं.

"पियुष, हे बंद कर. आत्ता."

"आई, आपल्या हातात नाई ते. कंपनीले मेल केला मी. दोन दिवसांत उत्तर देतो म्हून आपोआप जवाब आला."

"दोन दिवस?" काजलने विचारलं. एवढा वेळ ती दाराकडे पाहत होती, आता तिने पालथा फोन उचलून सुलटा धरला. "तो वर लिहिलेला आकडा पाहा."

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं: आत्ता १४३ जणी बोलत आहेत.

कोकिळाबाईंनी तो आकडा पाहिला. एकशे त्रेचाळीस घरं, एकशे त्रेचाळीस दगड, कुठला कसला कुणास ठाऊक. त्यांतल्या किती जणी जायफळाचं विचारत असतील, किती जणी नुसत्याच जेवल्याचं सांगत असतील. आतल्या एका लेकराची भीती एवढी मोठी होती की तिच्यापुढे दुसरं काही मावणार नाही असं त्यांना वाटलं होतं. पण मावलं.

"लाइव्ह लाव," त्या म्हणाल्या. "आपल्या चॅनलवर. मीच सांगतो."

"इथून? अशी?" पियुष म्हणाला. त्यांच्या साध्या साडीकडे, विस्कटलेल्या केसांकडे त्याने पाहिलं. "आई, नातू दवाखान्यात हाय म्हून सांगतलं तं संपलं सगळं. सहा वर्षं घातली मी याच्यात. नोकरी सोडली. आधी लेकरू बरं होऊ दे, मंग नीट लिहून सांगू."

"लिहून कोन वाचते? तू वाचतं काय?"

"ईनबाई, आता कशाले जगाले सांगता," आनंदाबाई हळूच म्हणाल्या. मघाशी गाडीत त्या कोकिळाबाईंच्या विरुद्ध होत्या. टाकीची गोष्ट तोंडातून निघाल्यापासून त्यांना आता कुणाचंच नाव कुठे यायला नको होतं. "आपल्या घरातलं हाय. आपल्या घरातच राहू द्या."

कोकिळाबाईंनी अण्णाजींकडे पाहिलं. ते शेवटच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. आता ते 'हं' म्हणतील, आणि कुठलं ते आपल्याला ओळखावं लागेल, असं त्यांना वाटलं.

"लाव रे," अण्णाजी मुलाला म्हणाले. "तुही माय सांगून राह्यली नं."

पियुषने लावलं. हात लांब करून त्याने आपला फोन आईसमोर धरला, आणि मान दुसरीकडे वळवली.

कोकिळाबाईंना नथीशिवाय कॅमेऱ्यासमोर काय बोलावं ते क्षणभर सुचेना. मग सुचलं ते त्यांच्या खऱ्या आवाजात सुचलं. "ऐका. त्या ॲपवरच्या कोकिळेचं ऐकू नका. जायफळ देऊ नका. देलं असन तं बंद करा, अन् लेकरू सुस्त असन तं आत्ता उठा अन् दवाखान्यात न्या. माहा नातू आत हाय. उठून नाई राह्यला तो. तुमाले कळून राह्यलं काय मी काय म्हन्तो? हसरी तोंडं पाठवू नका. कोन हसून राह्यलं? डोकं हाय का नाई तुमाले, दगड न पाहता लेकराले उगाळून देता?"

खालून अक्षरं वर चढू लागली. काजल ती मोठ्याने वाचू लागली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. ही डुप्लिकेट आहे. आजी असं कधीच बोलत नाहीत. किती घाण बोलते ही बाई. चॅनल हॅक झालंय, रिपोर्ट करा. मग कुणीतरी लिंक टाकली आणि वर लिहिलं: खऱ्या आजींशी इथे बोला.

"अवं मीच खरी हाय," कोकिळाबाई म्हणाल्या. "मीच हाय कोकिळा." पण हे त्या इतक्या चिडून म्हणाल्या की त्यांना स्वतःलाच त्याचा उपयोग दिसेना. काजलच्या हातातल्या फोनवर आकडा १४३ चा १५८ झाला होता. लिंकवरून बायका तिकडेच चालल्या होत्या.

पियुषचा हात खाली येऊ लागला. तो काजलने धरला. ती उठून सासूच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि त्याचा फोन आपल्या हातात घेऊन दोघी दिसतील असा धरला. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"मी काजल," ती म्हणाली. "ह्या माह्या सासूबाई. ह्या अशाच बोलते. घरी रोज अशाच बोलते. मले ते गोड बोलनारी पाह्यजे होती, म्हून मी त्या ॲपवरच्या बाईले पुसलं. ह्याईले पुसलं असतं तं ह्या माह्यावर ओरडल्या असत्या, दगड दाखव म्हटल्या असत्या, अन् माहं लेकरू आत्ता माह्या मांडीवर असतं." तिने फोन आणखी जवळ धरला. "जे रागवून राह्यली ते खरी हाय. त्याईचं ऐका."

अक्षरं थांबली. थांबली म्हणजे कमी झाली. कोकिळाबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्यांना खूप काही म्हणायचं होतं, त्यात सहाणेचंही होतं, पण त्यांच्या तोंडातून निघालं ते नेहमीसारखंच खेकसून निघालं.

"नाक पूस पैले. सकाळपासून काई खाल्लं काय तू? का नुसती बसून हायस?"

"नाई खाल्लं," काजल म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही झाला की हसतेय की रडतेय ते कळेना.

तेवढ्यात आतून मूल रडलं. बारीक, चिडकं, तुटक. या वेळी कुणी उठलं नाही, कारण दोनदा फसले होते. काजल मात्र उठली. फोन सासूच्या मांडीवर टाकून ती दाराकडे गेली, नर्सने दार उघडायच्या आतच तिने ते लोटलं, आणि उघड्या दारातून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "बाळाच्या आईला आत पाठवा, तोंड उघडतोय."

आनंदाबाई तिथेच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडू लागल्या. अण्णाजींनी चष्मा काढला. कोकिळाबाईंनाही उठायचं होतं. मांडीवरचा फोन बाजूला करताना लाइव्ह अजून सुरूच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. पडद्यावर एकच नवी ओळ आली होती. नाव होतं भावना.

आजी, माझी सहाण नवीन आहे. काल आणि आज सात सात वेढे दिले.

कोकिळाबाईंनी फोन दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ धरला.

"लेकरू जागं हाय काय, बाई?" त्यांनी विचारलं.

खाली तिच्या नावापुढे काही लिहीत असल्याची खूण दिसली, आणि मग ती खूण गेली. कोकिळाबाईंनी पुन्हा विचारलं. आत त्यांचा नातू रडत होता, नर्स त्यांना आत बोलावत होती. त्या फोनकडे बघत तशाच बसून राहिल्या.

"बाई, सांग नं. जागं हाय काय?"